पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे

चौबळांना फोन केला की 'हॅलो'नंतर थेट मुद्द्यावर यायची सोय नसायची. ते आधी विचारायचे, "माझा आवाज येतोय?" आपण म्हणायचं, "येतोय." मग ते म्हणायचे, "तुमचाही मला येतोय. आता बोला." एवढं झाल्याशिवाय तुमच्या घराला आग लागलेली असली तरी ते ऐकून घेत नसत. फोनवर हे एक वेळ चालून गेलं असतं. पण चौबळ हेच जिन्यात करायचे, दारात करायचे, भाजीवालीसमोरही करायचे. हातभर अंतरावर उभा असलेला माणूस गंभीर चेहऱ्याने "माझा आवाज येतोय?" असं विचारतो, तेव्हा पहिल्या वेळी वाटतं की याला ऐकू कमी येत असावं. दुसऱ्या वेळी वाटतं, आपल्यालाच कमी येत असावं.

मला मात्र तिसरीच शंका आली. हा माणूस काहीतरी लपवतोय, अशी. मी तेव्हा बँकेच्या तपासणी खात्यात होतो. लोकांच्या सह्यांवर आणि आकड्यांवर संशय घेण्याचा मला पगार मिळायचा, आणि घरी आल्यावर तो संशय चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवता यायचा नाही. त्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे संशय घ्यायला घरीही अधिकृत परवानगी होती.

ही गोष्ट नव्वदच्या आगेमागे काही वर्षं धरा. नवीन पनवेलमध्ये आमची इमारत तळमजला धरून चार मजल्यांची. गच्चीवर गेलं की सुकापूरच्या बाजूला अजून भातखाचरं दिसायची. बहुतेक बिऱ्हाडं मुंबईहून आलेली, त्यामुळे कुणाचं मूळ काय, हे कुणालाच पुरतं ठाऊक नसायचं. चौबळ मात्र पक्के पनवेलचे, जुन्या पनवेलचे. रुळांपलीकडचं स्वतःचं गाव सोडून माणूस रुळांअलीकडे भाड्याने राहायला का येतो, हा माझा पहिला प्रश्न होता.

ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. पन्नाशीचे, उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशाला चार पेनं. स्टेशनजवळच्या एका गाळ्यात कॉम्प्युटर क्लास चालायचा, तिथे ते शिकवायचे. त्या काळात कॉम्प्युटर ही चपला बाहेर काढून, थंडगार खोलीत जाऊन, लांबून बघायची वस्तू होती. आणि हे गृहस्थ एक कॉम्प्युटर दुसऱ्याशी कसा बोलतो, ते शिकवायचे! दोन यंत्रांनी आपापसात बोलावं आणि शेजारी बसलेल्या माणसाला काही ऐकू येऊ नये, हेच मुळात मला काळंबेरं वाटलं.

आमची पहिली चकमक टाकीवरून झाली. टाकी धुवायची म्हणून पाणी बंद राहणार होतं. मी नेहमीप्रमाणे जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लावली. संध्याकाळी चौबळ दारात.

"सेक्रेटरीसाहेब, माझा आवाज येतोय?"

"येतोय हो, बोला."

"नोटीस लावलीत. पण ती कुणाकुणाला कळली?"

"लावली म्हणजे कळलीच की."

चौबळांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर कचेरीत लाच मागितली होती. "पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे," ते म्हणाले. "पोच कुठंय?"

हे त्यांचं पालुपद. दिवसातून कितीदा ऐकावं लागायचं त्याला गणती नाही. मग ते स्वतः दारोदार गेले. प्रत्येकाला पाणी बंद असल्याचं सांगितलं, आणि तेच प्रत्येकाकडून परत म्हणवून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी "उद्या पाणी येणार आहे" असं म्हटल्यावर त्यांना पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या दिवशी इमारतीत एकही घर बादलीवाचून अडलं नाही. लोक चौबळांवर खूश झाले आणि मी मनातल्या मनात जळफळलो. इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला कुणीतरी, कधीतरी, जबरदस्त फसवलेलं असतं. नाहीतर त्याने तरी कुणाला फसवलेलं असतं. आमच्या खात्यातला हा अनुभव होता.

सोसायटीच्या सभेत कुणीतरी गमतीने विचारलं, "चौबळसर, ते तुमचे कॉम्प्युटर बोलतात तरी कसे?" सभेत असलं काही विचारायचं नसतं. चौबळ उभे राहिले.

"आपली इमारत घ्या आणि समोरची घ्या," ते म्हणाले. "कॉम्प्युटरच्या बोलण्याला खरं तर सात मजले हवेत, पण आहे त्यात भागवू. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या माणसाला समोरच्या इमारतीतल्या वरच्या मजल्याला निरोप द्यायचाय. त्याला वाटतं, आपण थेट बोलतोय. तसं नसतं. त्याची चिठ्ठी जिन्याने खाली उतरते. प्रत्येक मजल्यावरचा माणूस तिच्यावर आपलं एक वेष्टन चढवतो. एक जण लिहितो, ही कितवी चिठ्ठी आहे. त्याच्या खालचा लिहितो, कुठल्या वाटेने जायचं. असं करत करत ती तळाला पोचते आणि रस्त्यावरून पलीकडे जाते. रस्ता म्हणजे तार. तिला आत काय लिहिलंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. मग समोरचा जिना ती चढते. तिथला प्रत्येक मजला फक्त आपल्या जोडीच्या मजल्याने घातलेलं वेष्टन सोडतो. दुसऱ्याच्या वेष्टनाला हात लावायचा नाही. सगळ्यात वर पोचली की चिठ्ठी उघडी."

"आणि मधल्या कुणी उघडून वाचली तर?" मी विचारलं. तो माझा पेशाच होता.

"मधल्याने वाचायची नसते, सेक्रेटरीसाहेब. मधल्याने फक्त न्यायची असते." मग सभेकडे वळून, "एकूण चार गोष्टी सांगितल्या. चारही पोचल्या?" लोक घाईघाईने 'पोचल्या, पोचल्या' म्हणाले, कारण चहा निवत होता.

दिवाळीत तर त्यांनी कहर केला. चौबळांकडे खाजाचे कानवले होतात. हात लावला तर पापुद्रा सुटेल इतकं नाजूक प्रकरण. ते मोडू नयेत म्हणून चौबळांनी आमच्या घरचा वाटा तीन पुड्यांत विभागला आणि प्रत्येक पुडीवर आकडा घातला. पहिली पुडी त्यांच्याच घरी राहून गेली, त्यामुळे दुसरी आणि तिसरी आधी आली. माझ्या बायकोने दुसरी सोडायला घेतली, तर चौबळांच्या पत्नी कुंदाताई कसनुसं हसत म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका, पण पहिली आल्याशिवाय दुसरी उघडायची नाही, असं ह्यांनी सांगितलंय." आम्ही दोघं नवराबायको कानवल्यांच्या पुड्यांसमोर बसून राहिलो. पहिली आली तेव्हा तिच्यात कानवल्यांबरोबर एक चिठ्ठी होती: 'तीनही मिळाल्यास कळवावे.'

"किती मायाळू माणूस आहे," बायको म्हणाली.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी म्हणालो.

मुरत होतं ते रविवारी. दर रविवारी बाराच्या सुमाराला कुंदाताई एक गाठोडं घेऊन खाली यायच्या. बाहेरून वर्तमानपत्र, त्यावर सुतळी. फाटकाशी जवळच्या विचुंबे गावचा बाळाराम रिक्षा लावून उभा असायचा. गाठोडं रिक्षात जायचं, रिक्षा जुन्या पनवेलकडे जायची. चौबळ स्वतः कधीही खाली यायचे नाहीत. वरून, खिडकीच्या पडद्याआडून बघत राहायचे. चारच्या सुमाराला रिक्षा परत यायची, गाठोडं वर जायचं, आणि मग चौबळांच्या घरातून ताटवाटीचा आवाज यायचा. माणूस रविवारचा चार वाजता जेवतो? तोपर्यंत उपाशी? कुणाची वाट बघतो? काय मागवतो?

मी बाळारामला एकदा बाजूला घेतलं. "काय असतं रे त्यात?"

"आमाला काय ठावं, सायेब? डबा हाय यवढा कलतंय."

"उघडून नाही बघितलास कधी?"

"नाय ओ. सरांनी सांगितलाय ना. वरचा कागद आपला, आतला आपला नाय." आणि वर मलाच ऐकवलं, "तुमी सेक्रेटरी हाव, तुमाला तं कलाया पायजे."

शेवटी बायकोनेच कुंदाताईंना विचारलं. बायका सरळ विचारतात, आणि त्यांना सरळ उत्तरंही मिळतात. डबा चौबळांच्या थोरल्या भावाला जायचा. दादा तार ऑफिसातून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, जुन्या पनवेलच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटे राहायचे. दोघा भावांमध्ये वर्षानुवर्षांचा अबोला.

कारण असं, की चौबळ तरुणपणी पहिल्या नोकरीसाठी सुरतेला होते. इकडे आई अत्यवस्थ झाली. दादांनी तार केली. ती चौबळांना मिळालीच नाही. ते आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आल्या पावली, भेटायला जमलेल्या माणसांसमोर, ते दादांना म्हणाले, "तू तार पाठवलीच नाहीस." ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या तारा पाठवल्या, त्याला हे भरल्या घरात ऐकावं लागलं. दादा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. आणि त्यानंतरही नाहीत.

"ह्यांचा जीव त्यातच अडकलाय," कुंदाताई म्हणाल्या. "दादांनी एकदा 'नंदू' म्हणून हाक मारली की झालं. त्यांना दुसरं काही नको."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मला पटलं नाही. भावाशी बोलत नाही तो माणूस भावाला रविवारचा डबा कशाला पाठवील? आणि दादा तो घेतील कशाला? आणि समजा हे सगळं खरं, तर चार वाजेपर्यंत उपाशी राहण्याचं काय? बायकोने तेही विचारलं होतं, पण कुंदाताई तेवढ्या प्रश्नावर नुसत्या हसल्या होत्या. प्रत्येक तपासणीत एक आकडा असा निघतो जो जुळत नाही. तो जुळेपर्यंत मला झोप लागत नसे.

संधी चालून आली ती विचुंब्यातल्या एका हळदीमुळे. बाळारामच्या भाचीची हळद होती, आणि तिकडची हळद म्हणजे रिक्षा, बैल, माणसं सगळी कामातून गेली. त्या रविवारी बारा वाजले तरी फाटकाशी रिक्षा नव्हती. साडेबाराला चौबळ माझ्या दारात. नाक लाल, आवाज बसलेला.

"सेक्रेटरीसाहेब, माझा आवाज येतोय?"

"थोडा घोगरा येतोय. सर्दी?"

"ते सोडा. तुमची स्कूटर चालू आहे का? आज तुम्ही बाळाराम व्हाल?"

मी एका पायावर तयार झालो. ते माझ्या उत्साहाकडे संशयाने बघत होते, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. वर्तमानपत्र माझ्यासाठी, त्यावर दुकानाचा पत्ता. ते इस्माईलभाई टेलर सोडतील. आत कापडी पिशवी, ती इस्माईलभाईंसाठी. तिच्यावर 'वरच्या मजल्यावर द्यावी' असं लिहिलेलं. ती दादा सोडतील. आत रुमालात बांधलेला डबा, तो दादांचा. "प्रत्येकाने आपलं तेवढंच सोडायचं. आणि रिकामा डबा घेतल्याशिवाय परत यायचं नाही. तीन गोष्टी सांगितल्या. पोचल्या?"

"पोचल्या."

"म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवल्या. बँकेत माझ्यासमोर मॅनेजर चळचळ कापायचे आणि इथे मी डब्याचं वेळापत्रक घोकत होतो.

इस्माईलभाई दुकानात शेरवानीला काज करत बसले होते. मी गाठोडं पुढे केलं तसा त्यांनी चष्म्यावरून मला निरखून पाहिलं. "बाळाराम कुठं हाय?" मी कारण सांगितलं. त्यांनी सुतळी सोडली, वर्तमानपत्राची घडी घालून बाजूला ठेवली आणि पिशवी माझ्याकडेच परत दिली. "जनाब, आज गुडघा बिलकुल साथ देत नाय. तुम्हीच वर जा. पण सांभाळून. अमानत हाय ती."

म्हणजे माझी एका मजल्याची बढती झाली.

दादांचं दार साखळीएवढंच उघडलं. फटीत एक बारीक, पांढऱ्या मिशांचा चेहरा. "कोण? कुणी पाठवलं?"

"कुंदाताईंनी डबा दिलाय. मी त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी."

"ओळख काय?"

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. इतक्या दिवसांनी माझ्याच जातकुळीचा माणूस भेटला होता. मी बँकेचं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मगच साखळी काढली.

खोली लख्ख. एक कॉट, एक आरामखुर्ची, भिंतीवर आईचा फोटो. दादांनी पिशवी काढली, रुमाल सोडला, आणि वालाचं बिरडं आपल्या पातेल्यात ओतून घेतलं. वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून, नारळाच्या दुधात केलेलं. उभ्या उभ्याच त्यांनी बोटाने चाखलं.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले. "त्याला सर्दी झाली असणार. सर्दी झाली की चव कळत नाही त्याला. लहानपणापासून तसंच आहे."

माझी मान एकदम वर झाली. दादांच्या लक्षात आलं. "म्हणजे, कुंदाला," ते म्हणाले आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

कुंदाताई सोलापूरकडच्या. त्यांना वाल सोलायचा कंटाळा, हे आमच्या इमारतीत कुणालाही विचारलं तरी सांगितलं असतं. म्हणजे डबा चौबळच करायचे, आणि हे दादांना ठाऊक होतं. पहिल्या रविवारपासून ठाऊक असणार.

मला राहवलं नाही. तपासणीची सवय. "दादा, एक विचारू? ती तार तुम्ही खरंच पाठवली होती?"

दादा आरामखुर्चीत बसले होते, तिच्या हातावर त्यांची बोटं टकटक करत होती. ती थांबली. मला वाटलं, आता हे मला जिन्यावरून खाली ढकलणार.

"मी स्वतः बडवली," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला देऊ का, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, नको, माझ्या भावाला आहे. पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासली. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. त्याने मला विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं. पण त्याने विचारलं नाही. त्याने ठरवूनच टाकलं होतं."

ते उठले, डबा स्वतः घासला, पुसला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून साखरेची बरणी काढली. चमच्यात साखर घेतली आणि माझ्याकडे पाठ करून विचारलं, "तो जेवला का?"

"नाही. रविवारी ते चार वाजेपर्यंत जेवत नाहीत."

"चारपर्यंत?" दादा वळले. "उपाशी? का?"

"कुणालाच माहीत नाही. मीही शोधतोय."

दादांनी साखर डब्यात टाकली, आणखी एक चमचा टाकला, आणखी एक. मग बराच वेळ रुमालाची गाठ मारत बसले. मी निघालो तेव्हा रेल्वेचं फाटक नेमकं बंद होतं, आणि उघडलं तेव्हा माझी स्कूटर सुरू होईना, म्हणून ती घरापर्यंत ढकलत आणली. एकूण काय, बाळाराम जेव्हा परत यायचा त्याच्याही बऱ्याच नंतर मी परतलो.

चौबळ सोसायटीच्या फाटकात उभे होते. अंगात घरातला बनियन, केस विस्कटलेले, हातात दुसरा डबा.

"रिकामा आला?" ते ओरडले. आवाज येतोय का वगैरे काही नाही.

"आला. साखरेसकट आला."

ते मटकन कट्ट्यावर बसले. मागोमाग कुंदाताई धावत आल्या. "बघा ना भावजी, चार कधीचे वाजून गेले, तुमचा पत्ता नाही. हे निघाले दुसरा डबा घेऊन."

"दुसरा कसला?"

"ह्यांचं स्वतःचं जेवण हो. दर रविवारी झाकून ठेवतात. पहिला डबा वाटेत सांडला, हरवला, कुणी चुकीच्या घरी दिला तर? मग हा पाठवायचा. रिकामा डबा परत आला की समजायचं, दादा जेवले. मग हे जेवतात."

चौबळ रुमालाला नाक पुसत म्हणाले, "मी पोरांना रोज शिकवतो, पोच येईपर्यंत आपल्याकडची प्रत टाकायची नाही. तर मी कशी खाऊन टाकू?"

जुळत नसलेला आकडा जुळला. इतकी वर्षं मी लोकांचे गफले शोधत आलो होतो. शोधता शोधता एखाद्याचा उपास हाती लागेल, अशी तयारीच नव्हती. मी वाकून उगाचच स्कूटरचं स्टँड चाचपलं.

मग माझ्यावर सोपवलेल्या वेष्टनावर जे लिहिलेलं नव्हतं ते मी सांगून टाकलं. "दादांनी विचारलं, तो जेवला का."

चौबळांचा विश्वास बसला नाही. "कुंदा जेवली का, असं म्हणाले असतील."

"नाही. तो जेवला का."

"नेमके शब्द सांगा."

"तो. जेवला. का."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. मिठाचं सांगितलं, सर्दीचंही सांगितलं. चौबळ दुसरा डबा मांडीवर घेऊन ऐकत होते.

"सेक्रेटरीसाहेब," ते हळूच म्हणाले, "तार बरोबर गेली होती. मी खोली बदलली होती आणि घरी कळवलंच नव्हतं. आज लिहू, उद्या लिहू. तार जुन्या खोलीवर गेली, तिथे मी नव्हतो. त्या दिवशी हे डोक्यातच आलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी वर्गात एका मुलीने विचारलं, सर, पाठवणारा बरोबर, वाट बरोबर, सगळे मजले बरोबर, पण पत्ताच जुना असला तर दोष कुणाचा? मी खडू खाली ठेवला. तास तिथेच सोडला आणि दादाकडे गेलो. त्याने साखळीही काढली नाही. पुन्हा गेलो, तेच. मग डबा सुरू केला. तेवढा तरी आत जातो."

"हे त्यांना कळलंय?"

"कोण सांगणार? डब्यात घालून पाठवायची गोष्ट आहे का ही?"

मी स्कूटरला किक मारली. तिला काय वाटलं कोण जाणे, पहिल्या फटक्यात सुरू झाली. "बसा मागे," मी म्हटलं.

"असाच? डबा बांधलेला नाही."

"बसा हो."

कुंदाताईंनी गॅलरीतल्या दोरीवरचा शर्ट आणून त्यांच्या अंगावर टाकला. ना पिशवी, ना कागद, ना सुतळी. चौबळ उघडा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून मागे बसले. रस्ताभर ते काहीतरी पुटपुटत होते. बहुधा काय काय सांगायचं ते मोजत असावेत. रूळ ओलांडले तसं पुटपुटणंही थांबलं.

आम्हाला बघून इस्माईलभाईंनी मशीन थांबवलं. काही विचारलं नाही. जिना चढताना चौबळ प्रत्येक पायरीवर रेंगाळत होते, आणि मी मागून त्यांना ढकलत असल्यासारखा चढत होतो.

दार साखळीएवढं उघडलं. फटीतून दादांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या पुढे उभ्या असलेल्या माणसाला. रस्त्यावरून एक टांगा गेला, त्याचे घुंगरू तेवढे ऐकू आले. चौबळांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता तारेचं सांगतील, खोलीचं सांगतील, माफी मागतील. पण माणसाची सवय कुठे जाते?

"दादा," ते म्हणाले, "माझा आवाज येतोय?"

दादांनी साखळी काढली.

"येतोय," ते म्हणाले. "सर्दी झाल्यासारखा येतोय. आत ये, नंदू."

"दादा, ती तार..."

"ताट घेतोय. आधी जेव."

दार लागलं. जिन्यात उभं राहून कान लावायचा मोह मला फार झाला. जन्मभराची सवय होती. आतून पितळी ताट ठेवल्याचा आवाज आला, मग पाट सरकवल्याचा. पण वरचा कागद तेवढा माझा होता, आतलं माझं नव्हतं. मी खाली उतरलो आणि इस्माईलभाईंच्या दुकानात बाकावर बसून राहिलो.